चाकणच्या गेटपर्यंत, चार तासांच्या मेमरीवर

निगडीहून चाकणला जायला किती वेळ लागतो? प्रामाणिकपणे सांगते, मला माहीत नाही. नकाशा पाऊण तास म्हणतो. पप्पा रोज जातात, ते म्हणतात, "पोचलं की कळतंय." शेजारच्या काकू तिकडच्या एका कँटीनमध्ये कामाला आहेत, त्यांनी या प्रश्नावर नुसता हात हलवला. मी स्वतः घड्याळ बघत गेले, वहीत वेळा लिहिल्या, तरीही मला सांगता येणार नाही. तुम्ही ज्या दिवशी जाल त्या दिवशी आळंदी फाट्यावर कोणता कंटेनर आडवा उभा असेल, ते कोण सांगणार?

हा ब्लॉग सुरू करताना मी एक नियम केला होता, स्वतः पाहिलेल्या जागेबद्दलच लिहायचं. नियम चांगला होता. त्यामुळे ब्लॉग वर्षभर रिकामा राहिला. आता पहिला प्रवास लिहिते आहे तो चाकणचा, पप्पांच्या टेम्पोतून. त्यात तलाव नाही, किल्ल्याकडे आम्ही फिरकलो नाही. पण कुणी त्या बाजूला मुलाखतीला, कामाला, किंवा आमच्यासारखं स्वतःचं खरं करायला जाणार असेल, तर उपयोग होईल.

आधी जायचं का ठरलं ते सांगते. पप्पांचा स्वतःचा लहान टेम्पो आहे. चिखलीच्या एका वर्कशॉपमधून क्रेटमध्ये भरलेले सुटे भाग उचलायचे आणि चाकणच्या एका कंपनीत पोचवायचे, हे त्यांचं सहा वर्षांचं काम. आम्ही मूळचे लातूरकडचे, आता निगडीच्या ओटा स्कीम वसाहतीत राहतो. घरात पदवी घेतलेली मी पहिली. इतिहासात बी.ए. केलं आणि ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत लागले. पहिल्या पगारातून मी आईला साडी घेतली नाही, टेम्पोला डॅशकॅम घेतला. पुढच्या काचेला आतून चिकटवायचा हा छोटा कॅमेरा गाडी चालू असेपर्यंत समोरचा रस्ता आवाजासकट टिपत राहतो. माझं म्हणणं होतं की साध्या माणसाकडे पुरावा असला तर त्याला कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. पप्पांचं म्हणणं, "म्हंजी आता तू माझ्यावर नजर ठेवणार." आईचं काहीच म्हणणं नव्हतं. तिने खंडेनवमीला पाना, जॅक, स्टिअरिंग आणि स्टेपनीबरोबर कॅमेऱ्यालाही हळदकुंकू वाहिलं, पाण्यात कालवून, हात आखडता न घेता. हे लक्षात ठेवा.

त्यानंतरच्या एका सोमवारी कंपनीच्या माल-गेटवर लोखंडी दांडा पप्पांच्या टेम्पोच्या टपावर आदळला. टपाला पोचा आला, दांडा वाकला. पप्पा म्हणाले, दांडा आपोआप पडला. गेटवरचा गार्ड म्हणाला, गाडी न थांबता घुसली. सुपरवायझर साहेबांनी गार्डचं ऐकलं आणि पप्पांचा गेट पास काढून घेतला. पास नाही म्हणजे माल आत नाही. चिखलीच्या वर्कशॉपवाल्या शेठनी निरोप दिला की शनिवारपर्यंत पास आणा, नाहीतर दुसरी गाडी लावतो.

कंपनीचा गेटवरचा कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. पप्पांनी सांगितलं की माझ्या गाडीत कॅमेरा आहे. त्यावर साहेब म्हणाले, "मोबाइलवर पाठवू नका. हल्ली मोबाइलवर वाघसुद्धा साखरपुड्यात नाचतो. गाडी घेऊन या, माझ्यासमोर कॅमेऱ्यातून काढून दाखवा."

अडचण अशी की आमच्या कॅमेऱ्याला पडदा नाही. तो स्वतःचं छोटं वायफाय तयार करतो, त्याला फोन जोडायचा आणि फोनवर व्हिडिओ बघायचा. मेमरी चार तासांची. चार तास भरले की तो सगळ्यात जुनं पुसून नवं लिहितो. सोमवारी तिथून घरी यायला पप्पांना एक तास वीस मिनिटं लागली होती. म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं उरली. तेव्हापासून पप्पांनी किल्ली फिरवली नव्हती. चार दिवस टेम्पो घराखाली उभा होता आणि पप्पा तो रोज धूत होते.

मेमरी कार्ड काढून का नाही नेलं, असं तुम्ही विचाराल. कार्डाच्या खाचेत आईचं कुंकू सिमेंटसारखं वाळलं होतं. पप्पांनी हेअरपिन घेतली तेव्हा आई म्हणाली, "पूजेचं हाय ते, टोचू नका." गुरुवारी संध्याकाळी मी दहा मिनिटं गाडी चालू करून फोन जोडून पाहिला. जमलं नाही. उरले अडीच तास.

"होईल की माय," पप्पा म्हणाले. "ग्रॅज्युएट हायेस ना."

तीन वर्षांत मी फ्रेंच राज्यक्रांती शिकले, सातवाहनांची नाणी शिकले. वायफाय अभ्यासक्रमात नव्हतं. पण हे वाक्य आमच्या घरात एकदा उच्चारलं गेलं की परत घेता येत नाही.

शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. भक्ती-शक्ती चौक, त्रिवेणीनगर, मग स्पाइन रोडने मोशी, असा आमचा रस्ता. टेम्पोतून शहर उंचावरून दिसतं. रात्रपाळी करून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सगळी डोकी खिडक्यांना टेकलेली, आणि रस्त्याच्या कडेला पहिल्या पाळीला उशीर झालेल्या मुली निळ्या युनिफॉर्ममध्ये, डबा पोटाशी धरून. या रस्त्यावरून मी दहावीपासून जाते आहे, पण बसमध्ये उभी राहून. बसून पाहिला तर रस्ता बराच रुंद आहे.

मी कामाला लागले. फोनमध्ये कॅमेऱ्याचं नाव दिसत होतं. पासवर्ड खोक्यावर छापला होता, एक ते आठ आकडे ओळीने. टाकला, फोन जोडला गेला. ॲप उघडलं तर ते म्हणतं, कॅमेरा सापडत नाही. वर बघते तर फोन केव्हाच वायफाय सोडून आपल्या मोबाइल डेटावर परतलेला. पुन्हा जोडला, पुन्हा परतला. माहेरी पळून येणाऱ्या नव्या सुनेसारखं त्याचं चाललं होतं.

"रिचार्ज संपला आसंल," पप्पा म्हणाले.

"याला रिचार्ज लागत नाही पप्पा."

"मंग फुकट कसं चालायलंय?"

मी समजावलं की लहानपणी दोन काड्यापेट्यांना दोरा बांधून फोन करायचो तसं हे आहे. कॅमेरा आणि फोन दोघांतच बोलतात, बाहेरच्या जगाशी संबंध नाही.

पप्पांनी गिअर बदलला. "मंग दोरा तुटलाय."

मोशीला वीस मिनिटं थांबलो. किल्ली बंद, मेमरी शाबूत. चहा दहा रुपये, वडापाव वीस, मिरची मागितली तर देतात. बायकांसाठी महत्त्वाचं म्हणजे पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. पुढे चाकणपर्यंत मला बरं काही दिसलं नाही, आणि पुढे किती वेळ लागेल याबद्दल वर लिहिलंच आहे.

चहा घेता घेता मी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक वाचलं आणि एक शोध लागला. मोबाइल डेटा आधी बंद करायचा. या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून फोनला वाटतं हे बिघडलंय आणि तो आपल्या भल्यासाठी पळून येतो. डेटा बंद केला की त्याला जायला जागाच उरत नाही. गाडी निघाल्यावर डेटा बंद करून जोडलं आणि फोन खरंच टिकला. ॲप उघडलं. त्यावर आता नवा संदेश होता, कॅमेरा व्यस्त आहे.

"व्यस्त?" पप्पांनी काचेकडे पाहिलं. "कशात? नुसता बसून तर हाय."

इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि गाड्या थांबल्या. पूर्ण थांबल्या असत्या तर बरं झालं असतं, किल्ली बंद करता आली असती. पण दर मिनिटाला दोन हात पुढे सरकायचं, म्हणजे इंजिन चालू आणि कॅमेराही चालू. तो पुढच्या कंटेनरचं मागचं दार टिपत होता आणि त्यासाठी सोमवार पुसत होता. मी वहीत मिनिटं लिहीत होते. एक तास. पन्नास मिनिटं. चाळीस.

शेजारी कांद्याच्या गोण्या भरलेली एक पिकअप होती. चालवणारे काका साठीचे, डोक्याला टॉवेल, बोलण्यावरून खेड-मावळातले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते.

"काय वो, पोरीचा पेपर हाय का आज?" त्यांनी पप्पांना विचारलं. "सारखं घड्याळ बघती आन् लिवती."

पप्पांनी सगळी हकिगत सांगितली. दांडा, पास, चार तास, पुसणं. तेवढ्यात आम्ही चार हात पुढे आलो होतो आणि काकाही बरोबर आले होते.

"व्हय, पन त्या कॅमेऱ्याची वायर कुठं जाती?"

"लायटरच्या सॉकेटला," मी म्हणाले.

"मंग उपट की. खायाला न्हाई घातलं तर पुसंल कशाला?"

पप्पा रस्त्याकडे बघू लागले. मी वहीकडे. वायर जवळजवळ दोन तास माझ्या गुडघ्याला घासत होती. मी ती उपटली. कॅमेऱ्याचा निळा दिवा विझला. पस्तीस मिनिटं उरली होती.

"ग्रॅज्युएट हाय माझी पोरगी," पप्पा काकांना म्हणाले, कदाचित सवयीने.

"आसू दे की," काका म्हणाले. "चांगलंच हाय."

साडेअकराला आम्ही माल-गेटवर पोचलो. वाकलेल्या दांड्याच्या जागी बांबू आला होता. गेटवर सोमवारचेच गार्ड मामा, पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, मिशा कातरलेल्या. त्यांनी पप्पांच्या रामरामला उत्तर दिलं, पण बुटांकडे बघत. साहेब राउंडला गेले होते. आम्ही टेम्पो कडेला लावून बसलो आणि मला गेटचं काम बघायला मिळालं. दांड्याच्या मागच्या टोकाचं वजन केव्हातरी गळून पडलेलं आहे. त्यामुळे मामा दोर ओढून दांडा वर करतात आणि गाडी जाईपर्यंत दोर धरून ठेवतात. खांबाला दोर अडकवायला काही नाही. आणि साहेबलोकांचं वाहन दिसलं की टाचा जुळवून, एक हात मांडीला चिकटवून, दुसऱ्याने कडक सलाम. सलाम चुकला तर त्या दिवसाचा खाडा, असं मामांनी दुसऱ्या एका ड्रायव्हरला सांगितलेलं मी ऐकलं.

साहेब आले. गळ्यात शिट्टी, काखेत रजिस्टर. पप्पा खाली उतरले आणि म्हणाले, "साहेब, ही माझी पोरगी. कॉम्प्युटर इंजिनिअर हाय."

मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा बांबूकडे बघत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण साहेबांनी चष्मा पुसला, "बरं, इंजिनिअर मॅडम," म्हणाले आणि स्वतःहून टेम्पोत चढून बसले. मी सरकून जागा दिली.

पप्पा स्टिअरिंगवर, मी मध्ये, साहेब खिडकीशी, मामा बाहेर काचेला नाक लावून. पप्पांनी किल्ली फिरवली, मी वायर जोडली. निळा दिवा लागला. डेटा बंद, वायफाय चालू, ॲप उघडलं. कॅमेरा व्यस्त आहे. फोन बंद करून चालू केला. व्यस्त. माझ्या कपाळावरचा घाम फोनवर पडला आणि त्या थेंबाने दुसरंच काहीतरी उघडलं.

"इंजिनिअर मॅडम, मला बाराला दुसरा राउंड आहे."

"दोनच मिनिटं सर."

"ज्यानं कॅमेरा बसवला त्याला फोन लावतो," असं म्हणून पप्पांनी शर्टच्या खिशातून स्वतःचा फोन काढला. वर कोपऱ्यात वायफायची खूण होती. मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. वायफायचं नाव आमच्या कॅमेऱ्याचं होतं. बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी तपासण्यासाठी पप्पांच्याच फोनवर ॲप टाकून जोडून दिलं होतं. पप्पांच्या फोनवर नेटपॅक नाही, त्यामुळे त्या फोनला परतायला दुसरी जागाच नव्हती. टेम्पो चालू झाला की तो इमानदारीत कॅमेऱ्याशी जोडला जात होता, आणि आमचा कॅमेरा एका वेळी एकाच फोनशी बोलतो. सकाळपासून तो पप्पांच्या खिशाशी बोलत होता.

"म्हंजी रिचार्ज नव्हता म्हनून चाललं," पप्पा म्हणाले.

पप्पांच्या फोनवर ॲप उघडलं. सोमवारचा व्हिडिओ तिथे एका वेगळ्या कप्प्यात होता, शेजारी कुलपाची खूण. गाडीला धक्का बसला की कॅमेरा ती फाइल आपणहून जपून ठेवतो, ती कधीच पुसली जात नाही. हे खोक्यावर छापलं होतं, पासवर्डच्या खालच्याच ओळीत. माझी वही मी पायाखाली सरकवली.

व्हिडिओ लागला. पडद्याचा डावा अर्धा भाग लालभडक होता.

"हे लाल काय?" साहेबांनी विचारलं.

"पूजेचं कुंकू साहेब," पप्पा म्हणाले. साहेबांचा हात नकळत स्वतःच्या कपाळाला लागून आला.

उजव्या अर्ध्या भागात मामा दोन्ही हातांनी दोर धरून उभे होते, दांडा वर. मामांचा आवाज स्पष्ट होता, "या, या, या. येऊ द्या." टेम्पो पुढे सरकला. तेवढ्यात समोरून, आतल्या बाजूने, एक मोटारसायकल आली. मामांनी दोर सोडला, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. दांडा खाली आला. धाड. "अगं माय," पप्पांचा आवाज. मोटारसायकलवर सुपरवायझर साहेब होते. दांडा पडत असताना ते सलाम परत करत होते.

"पुन्हा लावा," साहेब म्हणाले. तीन वेळा लावला. तिसऱ्या वेळी ते हळूच म्हणाले, "सलाम मात्र बरोबर आहे."

मग खाली उतरून त्यांनी मामांना विचारलं, "दोर का सोडला?"

"एका हातानं पेलत नाही साहेब. आणि तुम्ही म्हणला होता, सलाम चुकला तर खाडा."

"मग यांची गाडी घुसली असं का सांगितलं?"

मामा पप्पांकडे बघून म्हणाले, "घाबरलो. चुकलं भाऊ."

साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि लिहू लागले, गार्डच्या हलगर्जीपणामुळे. मी वाचत होते. "सर, हे खरं नाही," मी म्हणाले.

"मग काय लिहू? माझ्यामुळे पडला असं लिहू?"

"हो सर."

मामांनी डोळे मिटले. पप्पा जोरात खाकरले. "साहेब," ते मध्ये आले, "खांबाला हूक न्हाई. दोर आडकवायला हूक आसता तर दोन्ही हात मोकळे. दांडाबी वर, सलामबी होतोय. आसं लिवा की हूक नसल्यानं पडला."

साहेबांनी थोडा विचार केला, आधीची ओळ खोडली आणि लिहिलं, "दोर अडकवण्यास हूक नसल्याने दांडा खाली आला. गाडीचालकाची चूक नाही. हूक त्वरित बसवावा." मी दोनदा वाचलं. प्रत्येक शब्द खरा होता आणि कुणाचं नाव नव्हतं. मला वाटत होतं की खरं याहून मोठं असायला हवं. पण मामा तिथे उभे होते, दोर धरून, आणि मला दुसरं वाक्य सुचलं नाही. खाली साहेबांनी लिहिलं, "पुरावा तपासून दाखवणारी, गाडीमालकाची कन्या, कॉम्प्युटर इंजिनिअर." मला पेन दिलं. मी सही केली.

पास पप्पांच्या खिशात आला. परतताना नाणेकरवाडीच्या पुढे एका झाडाखाली भाकरी खाल्ली.

"खोटं का सांगितलंत?" मी विचारलं.

"बी.ए. म्हणलं आसतं तर त्येनं गाडीत पाय ठेवला आसता का?"

घरी आल्यावर मी ओल्या फडक्याने कॅमेऱ्याची काच पुसली. आईशी करार झाला आहे, पुढच्या खंडेनवमीला कुंकू कॅमेऱ्याच्या पाठीला, कोरडं, बोटाच्या टोकाएवढं. तुमच्याकडे डॅशकॅम असेल तर माझ्यासारखं करू नका. आधी घरातल्या सगळ्यांचे खिसे तपासा, मग मोबाइल डेटा बंद करा, मग जोडा. आणि खोक्यावरचं सगळं वाचा, पासवर्ड सापडला म्हणून थांबू नका.

प्रवासातून काय उरलं असं विचाराल, तर पिकअपवाले काका आठवतात, दोर आठवतो. पण झोपताना मला आठवत होती ती रजिस्टरची शेवटची ओळ. सगळ्यांकडून खरं लिहून घेतलं आणि त्या पानावर एकच गोष्ट खोटी होती, तिच्याखाली माझी सही होती.

शनिवारी सकाळी पप्पा माल घेऊन निघाले तेव्हा मी टेम्पोत जाऊन बसले.

"पास परत घेतला तर?" पप्पांनी विचारलं.

"व्हिडिओ खरा आहे पप्पा."

त्यांनी किल्ली फिरवली. मग म्हणाले, "बोलायचं तू. मी न्हाई बोलणार."

खांबाला नवा हूक होता. मामांनी दोर त्यात अडकवला आणि दोन्ही हात मोकळे झाल्यामुळे त्यांना क्षणभर काय करावं ते सुचेना. साहेबांना मी सांगितलं की मी इंजिनिअर नाही.

"मग कोण आहात?"

"बी.ए., इतिहास. लायब्ररीत काम करते."

"आणि वायफाय?"

"ते पप्पांच्या फोनने जोडलं होतं सर."

साहेबांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा हुकाकडे बघत होते. "पास खरा आहे, व्हिडिओ खरा आहे," साहेब म्हणाले. "राहू द्या ना मॅडम, कोण वाचतंय?"

मी राहू दिलं नाही. त्यांनी "कॉम्प्युटर इंजिनिअर" वर एक रेघ मारली, वर "बी.ए. (इतिहास)" लिहिलं, आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीच्या शेजारी मी पूर्ण नावाने सही केली.